पालकसभेतली निवडणूक : दीपनगर परिसरातील शाळा आणि त्यांच्या समित्या
(लेखमाला ‘आपली शाळा, आपला कारभार’ : भाग 6)

दीपनगरच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळांत दर दोन वर्षांनी एक निवडणूक होते. तिला मतपेटी लागत नाही, प्रचाराचा भोंगा वाजत नाही आणि बहुधा दुपारच्या तास-दीड तासात ती आटोपते. ही शाळा व्यवस्थापन समितीची निवड. गावात ग्रामपंचायतीच्या एका जागेवरून भाऊबंदकी पेटते, पण ज्या समितीच्या अध्यक्षाची सही शाळेच्या बँक खात्यावर चालते तिची निवड कधी झाली हे निम्म्या पालकांना ठाऊक नसते. कायद्याने मात्र शाळेच्या सगळ्यात जवळची निवडणूक हीच आहे.

दीपनगर ही भुसावळच्या पूर्वेला, महामार्गालगत वसलेली औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. 62.5 मेगावॅटचा पहिला संच 1968 मध्ये सुरू झाला, पुढे 210 मेगावॅटचे दोन संच आले, त्यानंतर 500 मेगावॅटचे दोन आणि अलीकडे 660 मेगावॅटचा एक. केंद्र वाढले तशी वस्तीही पसरली. वसाहतीत कायम नोकरीतले कर्मचारी राहतात. भोवतालच्या फेकरी, निंभोरा, पिंप्रीसेकम या गावांत शेतकरी, शेतमजूर आणि केंद्रातले कंत्राटी कामगार शेजारी-शेजारी राहतात. त्यांची मुले जिल्हा परिषदेच्या, खासगी अनुदानित किंवा विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. घराघरांत अंतर चार पावलांचे असले, तरी पालकांचा अधिकार शाळेगणिक बदलतो. त्यामुळे मूल कोणत्या शाळेत आहे, हे आधी पाहावे लागते.

शाळांच्या कारभारासाठी निवडून आलेले मंडळ असावे, ही कल्पना या भागाला नवी नाही. विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने झालेल्या 1918 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली. 1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेला. पूर्व खानदेशातल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘बोर्डाची शाळा’ येते, ती या काळातली. पुढे 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा शाळा मंडळे आणि मोठ्या नगरपालिकांची शिक्षण मंडळे यांची नवी घडी बसवली. मात्र मंडळावर सभासद निवडून येत, तरी दैनंदिन कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासन अधिकाऱ्याच्या हाती असे. लोकांनी निवडलेल्यांनी ठराव करायचे आणि अधिकाऱ्याने शाळा चालवायची ही वाटणी तेव्हापासूनची आहे, आणि ती आजही फारशी बदललेली नाही.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि जिल्हा शाळा मंडळांचे काम त्यांच्या शिक्षण समितीकडे गेले. शहरांतली शिक्षण मंडळे त्यानंतरही पाच दशके चालली. 1947 चा कायदा राज्याने 2013 मध्ये रद्द केला आणि मुदत संपेल तशी ती मंडळेही मिटली. शिक्षण मंडळाचे सभापतीपद म्हणजे शहरातल्या नाराज कार्यकर्त्याची सोय, असा त्यांचा लौकिक झाला होता. त्यामुळे ती गेली तेव्हा फार कोणी हळहळले नाही.

तोपर्यंत बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला होता. 2009 चा हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या 21 व्या कलमाने विनाअनुदानित शाळा वगळून प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. महाराष्ट्राने 17 जून 2010 च्या शासन निर्णयाने याचा तपशील ठरवला. सदस्य सचिव धरून नव्हे, त्याला वगळून समिती 12 ते 16 जणांची. 12 जणांच्या समितीत 9 पालक, बाकीच्या जागांवर ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेचा निवडून आलेला सदस्य, शिक्षकांचा प्रतिनिधी आणि गावातला शिक्षणतज्ज्ञ. मुख्याध्यापक हा सदस्य सचिव. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच होतात. म्हणजे सरपंच कितीही वजनदार असला, तरी त्याचे मूल त्या शाळेत नसेल तर तो अध्यक्ष होऊ शकत नाही. गावात सगळ्यात कमी माहीत असलेली आणि सगळ्यात जास्त मोडली जाणारी तरतूद बहुधा हीच असावी.

अमेरिकेतल्या उपनगरांत शाळा मंडळाची निवडणूक होते तेव्हा मूल असो वा नसो, भागातला प्रत्येक नोंदणीकृत मतदार मत देतो, आणि बहुतेक ठिकाणी शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो. आपल्याकडे मतदार फक्त पालक आहेत. समितीला कर लावता येत नाही, शिक्षक नेमता येत नाही, बदली करता येत नाही. खर्चावर लक्ष ठेवणे, शाळेचा विकास आराखडा करणे आणि काम ठीक चालले आहे की नाही ते पाहणे, एवढा तिचा अधिकार. कागदावर तो लहान वाटतो. खाते उघडून पाहिले की लहान वाटत नाही.

निवड होते पालकसभेत. व्हरांड्यात सतरंजी अंथरलेली असते, फळ्यावर सभेचा विषय खडूने लिहिलेला असतो आणि दाराशी हजेरीची वही. सह्या आणि अंगठे एकाच पानावर येतात. मुख्याध्यापक नियम वाचून दाखवतात, कोणत्या इयत्तेतून आणि कोणत्या घटकातून किती जागा ते सांगतात. मग एक जण नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो. जागांपेक्षा नावे जास्त झाली तर हात वर करून मोजणी होते. ती वेळ सहसा येत नाही. नावे आदल्या दिवशीच ठरलेली असतात आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ हा शब्द उमटतो. मोजणी झाली तरी त्यात एक अडचण आहे: गावात कोणाच्या शेतावर कोण रोजाने जाते हे सगळ्यांना माहीत असते, आणि हात वर करणे म्हणजे उघड मतदान. गुप्त चिठ्ठ्या टाकायला सभेने ठराव केला तर फार खर्च येत नाही. वहीची पाने आणि एक डबा पुरतो.

सभेची वेळ ही त्याहून मोठी अडचण. कापूस वेचणीच्या दिवसांत भर दुपारी सभा लावली तर मजूर बाईचा रोज बुडतो, आणि केळी कापणीच्या टोळीतला बाप तर पहाटेच गेलेला असतो. विद्युत केंद्रातला कामगार पाळ्यांवर असतो. रात्रपाळी करून आलेला दुपारी झोपतो, दुसऱ्या पाळीचा तेव्हाच निघतो. कंत्राटी कामगाराने सुट्टी घेतली की त्या दिवसाचे पैसे गेले. मग सभेला येतात ते ज्यांचा दिवस मोकळा असतो, आणि समितीही त्यांचीच होते. निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात, पण बैठकीला नवरा येऊन बसतो आणि सही तेवढी घरून होऊन येते, हेही सर्रास चालते. संध्याकाळी सहानंतर किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सभा लावायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

समितीच्या हातून जाणारा पैसा किती, याचे एक माप संयुक्त शाळा अनुदानावरून मिळते. समग्र शिक्षा योजनेत पटसंख्येनुसार हे अनुदान ठरते: शंभराच्या पुढे अडीचशे मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला 50 हजार रुपये, त्यापुढे हजार मुलांपर्यंत 75 हजार. यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा असतो. खडू, वीजबिल, नळाची दुरुस्ती, शौचालयाचे दार, सगळे यातून. खाते मुख्याध्यापक आणि अध्यक्षांच्या संयुक्त सहीने चालते. पोषण आहाराच्या खिचडीत डाळ किती पडते हे पाहणेही समितीचेच काम.

समिती असण्या-नसण्याने काय फरक पडतो, हे गणवेशाने दाखवून दिले. पूर्वी गणवेशाचे मुलामागे दोन जोड्यांचे 600 रुपये समितीकडे येत आणि समिती गावातल्या किंवा तालुक्याच्या शिंप्याकडून ते शिवून घेई. 2024-25 मध्ये राज्याने कापड एकत्र खरेदी करून शिलाई महिला बचत गटांकडे दिली. शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी अनेक ठिकाणी गणवेश पोहोचले नाहीत, आले त्यांच्या मापांच्या तक्रारी झाल्या. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून हे काम पुन्हा समित्यांकडे सोपवले. गावच्या शिंप्याला मुलाचे माप डोळ्यांनी कळते, मंत्रालयाला ते कळायला एक वर्ष लागले.

अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांचे वेगळे आहे. 2012 च्या दुरुस्तीने त्यांच्या समित्या केवळ सल्लागार ठरल्या. संस्थाचालकाने सल्ला ऐकलाच पाहिजे असे नाही. खासगी शाळांत फीच्या प्रश्नापुरता 2011 चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, आणि तिच्यातले पालक मतदानाने नव्हे, इच्छुकांच्या नावांतून सोडत काढून निवडले जातात. फी वाढवायची तर प्रस्ताव या समितीपुढे यावा लागतो. सोडतीत ओळखीपाळखीचा उपयोग होत नाही. मात्र सोडत सगळ्यांसमोर निघाली तरच.

वरच्या स्तरावरची स्थिती ध्यानात घेतली तर पालकसभेचे महत्त्व आणखी वाढते. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात निवडणूक लांबत गेली. परिषदेवर प्रशासक बसले, तशी निवडून आलेली शिक्षण समितीही राहिली नाही. शेजारच्या धुळ्यात जानेवारी 2020 मध्ये निवडणूक झाली होती, म्हणून तिथे सभागृह टिकले. जळगावात मात्र शाळेचे छत गळते हे सांगायला हक्काचा सदस्यच उरला नाही. त्या काळात गावात शाळेसाठी मतदाराने निवडलेले कोणी असेल, तर ग्रामपंचायत आणि ही समिती.

समितीच्या सदस्यांची नावे पालकांना पाहता आली पाहिजेत आणि बैठक महिन्यातून किमान एकदा झाली पाहिजे. आपल्या मुलाच्या शाळेत पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात: समितीची मुदत कधी संपते, पुढची पालकसभा कोणत्या वेळेला आहे आणि मागच्या बैठकीचे इतिवृत्त कुठे वाचायला मिळेल. मूल शाळा सोडून गेले की पालकाची समितीतली जागा रिकामी होते, आणि ती पालकसभेतूनच भरावी लागते.