शुभ्रवस्त्रधारी उमेदवार : रोमक मतदार व्यक्ति पाहत असे कीं धोरण ?

लोकमतानें अधिकारी नेमावयाचे झाल्यास मतदार उमेदवाराची व्यक्ति पाहून कौल देतो कीं त्याचें धोरण पारखून देतो, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीच्या वेळीं नव्यानें विचारला जातो. आणि वृत्तपत्रें, छायाचित्रें व दूरदर्शन यांनींच तो जन्मास घातला, अशी पुष्कळांची समजूत दिसते. वस्तुतः ह्या प्रश्नावरील उत्तम पुरावा दोन हजार वर्षांपूर्वींचा असून तो कांहीं पोथ्यांत व कांहीं भिंतींवर लिहिलेला आहे. पोथ्या व लेख हेंच ज्यांचें क्षेत्र, अशा वाचकांपुढें तो मांडून त्याचें वजन करावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. पुरावा मुख्यतः रोमचा आहे. शेवटीं दक्षिणेंतील एका शिलालेखाचा विचार त्यास जोडला आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. आपला ‘उमेदवार’ हा शब्द फारशी; उमेद म्हणजे आशा, ती बाळगणारा तो उमेदवार. लॅटिन भाषेंत त्याच माणसास ‘कांदिदातुस’ म्हणत, व इंग्रजी आणि इतर युरोपीय भाषांतील शब्द त्यावरूनच निघाले. ‘कांदिदुस’ म्हणजे झळझळीत पांढरा. अधिकारपद मागणारा रोमक गृहस्थ आपली तोगा खडूनें घासून शुभ्र करी व ती पांघरून चौकांत फिरे, म्हणून तो कांदिदातुस. फारशी शब्द माणसाच्या अंतरंगांत काय आहे तें सांगतो. लॅटिन शब्द तो लोकांस कसा दिसतो तें सांगतो.

इ. स. पू. ६४ मध्यें सिसरो कॉन्सल ह्या सर्वोच्च पदासाठीं उभा राहिला. त्याच्या घराण्यांत पूर्वीं कोणी तें पद भूषविलेलें नव्हतें. अशा माणसास रोमक लोक ‘नवा मनुष्य’ म्हणत, व असा नवा मनुष्य कॉन्सल होऊन त्या वेळीं तीस वर्षें लोटलीं होतीं. ह्या प्रसंगीं त्याचा धाकटा भाऊ क्विंटस यानें त्यास लिहिलेलें म्हणून एक पत्रवजा टिपण उपलब्ध आहे. त्याचें नांव ‘कोमेन्तारिओलुम पेतितिओनिस’, म्हणजे ‘उमेदवारीविषयीं लहानसें टिपण’. स्वतंत्र ग्रंथ म्हणून हें आलेलें नाहीं. सिसरोच्या पत्रसंग्रहाच्या कांहीं पोथ्यांस जोडून तें टिकलें. ब्रिटिश लायब्ररींतील हार्ली संग्रहांतील २६८२ क्रमांकाची पोथी त्यांपैकींच होय.

टिपणाची मांडणी अगदीं व्यवहारी आहे. यशाचे दोन आधार : एक मित्रांचें साहाय्य, दुसरा सामान्य जनांची मर्जी. मित्र ह्या शब्दाचा अर्थ उमेदवारीच्या काळांत सैल करावा. जो कोणी थोडीशी सदिच्छा दाखवील, घरीं येईल-जाईल, तो मित्रच समजावा. लोकांचीं नांवें पाठ करावीं व तीं पाठ आहेत हें त्यांस दिसूं द्यावें. (श्रीमंत रोमक ह्या कामीं नांवें सांगणारा एक गुलाम बरोबर बाळगीत.) शहर सोडून जाऊं नये. घराचें दार उघडें असावेंच, पण चेहऱ्याचें दारहि उघडें असावें. मुद्रा मिटलेली असेल तर उघड्या दाराचा उपयोग नाहीं. मागितलेली गोष्ट करणें शक्य नसेल तर गोड शब्दांनीं नाकारावी, किंवा सरळ कबूल करून मोकळें व्हावें. कारण स्पष्ट नकारापेक्षां लोकांस खोटें वचन अधिक रुचतें. खुशामत इतर प्रसंगीं लाजिरवाणी असली तरी उमेदवारास ती अपरिहार्य आहे, असें लेखक कांहीं आडपडदा न ठेवितां सांगतो.

संस्कृत राजनीतीच्या अभ्यासकास येथें कौटिल्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. अर्थशास्त्राच्या सहाव्या अधिकरणाच्या आरंभीं राजाचे गुण सांगतांना त्यानें ‘आभिगामिक’ असा एक वर्ग केला आहे, म्हणजे ज्यांच्या योगानें लोक आपण होऊन राजाकडे येतात ते गुण. आणि प्रज्ञा व उत्साह यांचे गुण त्याहून वेगळे मोजले आहेत. दोन्ही याद्या शेजारीं ठेवल्या म्हणजे भेद चटकन् लक्षांत येतो. कौटिल्याच्या यादींत सत्यवचन, कृतज्ञता, वृद्धांचा सल्ला घेणें असे गुण आहेत. ते अंगीं असावे लागतात. क्विंटसच्या यादींतील बरेचसे गुण नुसते दिसले तरी भागतात.

आतां मुख्य स्थळ. टिपणाच्या अखेरीकडे लेखक म्हणतो कीं, उमेदवाराविषयीं राज्यकारभाराच्या बाबतींत लोकांस चांगली आशा वाटली पाहिजे. परंतु उमेदवारी चालूं असतां त्यानें सीनेटमध्यें किंवा जनसभेंत राजकारणाचा कोणताहि प्रश्न हातीं घेऊं नये. सीनेटनें त्याच्या आयुष्यक्रमावरून समजावें कीं हा आमच्या अधिकाराचा रक्षक होईल. अश्वारोही वर्गानें व संपन्न लोकांनीं त्याच्या पूर्ववर्तनावरून समजावें कीं हा शांततेचा भोक्ता आहे. आणि बहुजनसमाजानें त्याच्या पूर्वींच्या भाषणांवरून समजावें कीं हा निदान आमच्या हिताच्या आड येणार नाहीं. तीन वर्गांच्या तीन अपेक्षा, आणि त्यांपैकीं एकीसहि उमेदवारानें शब्दानें पुष्टि द्यावयाची नाहीं !

ह्या उताऱ्यावरून, धोरणास कांहींच किंमत नव्हती असा अर्थ काढणारे काढतात. तो आम्हांस मान्य नाहीं. धोरणाची किंमत नसती तर त्याविषयीं मौन पाळण्याची खटपट कशास हवी होती ? तिन्ही वर्ग धोरणाचाच विचार करीत होते. फरक एवढाच कीं, जाहीरनामा नाहीं, पक्ष नाहीं, अधिकाराची मुदत एक वर्ष, आणि त्या वर्षांत काय उद्भवेल हें कोणास ठाऊक नाहीं. अशा स्थितींत माणसाच्या चरित्रावरून त्याचें धोरण अनुमानानें काढावें लागे. धूर पाहून अग्नि ओळखण्यासारखेंच तें होतें. टिपणाचा लेखक हें जाणतो, म्हणूनच तो धूर कोठें किती दिसावा याची व्यवस्था करितो.

टिपण क्विंटसचेंच आहे काय, याविषयीं मात्र वाद आहे. इ. स. १८७२ मध्यें ऑयसनर या जर्मन पंडितानें प्रथम संशय घेतला; १९५० मध्यें हेंडरसन व १९६१ मध्यें निस्बेट यांनीं तो बळकट केला; १९६३ मध्यें बाल्सडन यांनीं टिपणाची बाजू घेतली. मुख्य आक्षेप असा : सिसरोनें निवडणुकीच्या थोडे दिवस आधीं सीनेटमध्यें प्रतिस्पर्ध्यांवर एक घणाघाती भाषण केलें. (तें ‘शुभ्र तोगेंतील भाषण’ ह्याच नांवानें प्रसिद्ध आहे.) त्यांतील कांहीं वाक्प्रयोग टिपणांतहि आढळतात. मग उसनें कोणीं घेतलें ? भाषण समग्र मिळत नाहीं. आस्कोनियस या पहिल्या शतकांतील टीकाकारानें उद्धृत केलेले तुकडेच राहिले आहेत, आणि त्याची टीका तरी १४१६ मध्यें पोज्जो यास सेंट गॅलच्या मठांत पोथी सांपडली म्हणून वांचली. आमचा कल टिपण अस्सल मानण्याकडे आहे. भावाचे शब्द भावानें वापरणें यांत नवल नाहीं. परंतु तें मागाहून कोणी रचलें असें धरलें, तरी प्रस्तुत प्रश्नापुरतें फारसें बिघडत नाहीं. बनावट सनद करणारा देखील त्या काळीं खरें वाटेल तेंच लिहितो.

शिवाय सिसरोची स्वतःची साक्ष आहे, व तिच्या अस्सलपणाविषयीं शंका नाहीं. इ. स. पू. ७५ मध्यें तो सिसिलींत अधिकारी होता. महर्गतेच्या दिवसांत त्यानें तेथून रोमला पुष्कळ धान्य पाठविलें, आणि राजधानींत सर्वत्र आपलेंच नांव निघत असेल अशा समजुतीनें तो परत निघाला. वाटेंत पुतेओली या बंदरांत त्यास भेटलेल्या पहिल्याच गृहस्थानें विचारिलें कीं, रोम केव्हां सोडलें व तेथें नवीन काय ? दुसऱ्यास तो सिसिलींत होता एवढें ठाऊक होतें, पण बेटाची कोणती बाजू हें माहीत नव्हतें. हा प्रसंग त्यानें इ. स. पू. ५४ मध्यें प्लांकियसच्या बचावाच्या भाषणांत आपण होऊन सांगितला आहे, आणि त्यावरून काय शिकलों तेंहि सांगितलें आहे : रोमक जनतेचे कान जड, पण डोळे तीक्ष्ण, तेव्हांपासून आपण लोकांच्या कानीं काय पडेल याची काळजी सोडली व रोज त्यांच्या दृष्टीस पडण्याचा नेम धरिला. धान्य पोहोंचविणें हें उत्तम कारभाराचें काम होतें. मतदारांपर्यंत मात्र तें पोहोंचलें नाहीं.

निवडणुकींत सिसरो पहिला आला. दुसऱ्या जागेवर अँटोनियस आला व कॅटिलाइन थोड्याच मतगटांनीं मागें पडला. सिसरोच्या यशाचें सारें श्रेय प्रतिमेस देतां येत नाहीं. कॅटिलाइनच्या भीतीनें सरदारवर्ग नव्या मनुष्याकडे वळला, असें सॅलस्टचें म्हणणें आहे. पण पुढें जें घडलें तें आमच्या प्रश्नाच्या गाभ्याशीं जातें. रुल्लस नांवाच्या ट्रिब्यूननें दहा जणांचें मंडळ नेमून जमिनी विकत घ्याव्यात व त्या गरिबांस वांटाव्यात असा कायदा आणला होता. इ. स. पू. ६३ च्या जानेवारीच्या पहिल्याच दिवशीं, अधिकारावर येतांक्षणींच, सिसरोनें सीनेटमध्यें त्यास विरोध केला. आणि मग जनसभेपुढें जाऊन, मी जनतेचाच कॉन्सल आहें असें सांगत, जनतेलाच तो कायदा नको असें पटविलें. कायदा झाला नाहीं. बहुजनांनीं ज्या अनुमानानें मत दिलें तें अनुमान फसलें, आणि त्याची किंमत जमिनीच्या रूपानें भरावी लागली. उमेदवारीच्या काळांत पाळलेलें मौन येथें कामास आलें; मोडलें असें म्हणावयास वचनच दिलेलें नव्हतें.

त्याच वर्षींची पुढील निवडणूक ह्याच्या उलट जातीची. कॅटिलाइन पुन्हां उभा राहिला व या खेपेस त्याजपाशीं उघड धोरण होतें : कर्जें रद्द करणें. आपल्या घरीं जमलेल्या लोकांपुढें त्यानें स्वतःस हतभाग्यांचा कैवारी म्हणविलें. त्यास सिसरोनें दिलेलें उत्तर मोठें मार्मिक आहे. निवडणुकीच्या दिवशीं तो तोगेच्या आंत रुंद चकचकीत चिलखत घालून मैदानांत आला, व तें लोकांस दिसेल अशी त्यानें तजवीज केली. चिलखत संरक्षणासाठीं नव्हतें, कॅटिलाइन डोक्यावर व मानेवर वार करतो हें मला ठाऊक होतें, सज्जनांनीं कॉन्सलवरील संकट पाहून धांवून यावें म्हणून तें घातलें होतें, असें त्यानें मुरेनाच्या बचावांत स्वतःच म्हटलें आहे. कॅटिलाइन पडला, सिलानस व मुरेना निवडून आले.

मग धोरणावर प्रतिमेनें मात केली असें म्हणावें काय ? येथें सावध राहिलें पाहिजे. कॉन्सलची निवड डोकीं मोजून होत नसे. मतदारांचे संपत्तीप्रमाणें १९३ गट पाडलेले असत व प्रत्येक गटास एक मत. सिसरोच्या ‘राज्यव्यवस्था’ ह्या ग्रंथांतील हिशेबाप्रमाणें अश्वारोही, पहिला वर्ग व सुतारांचा एक गट मिळून ८९ मतें होत. खालच्यांतून आठ आलीं कीं बहुमत झालें. (हा ग्रंथ बुडालाच होता. १८१९ मध्यें आंजेलो माय यास व्हॅटिकनमध्यें ऑगस्टिनच्या स्तोत्रभाष्याच्या अक्षरांखालीं, खरवडलेल्या चर्मपत्रावर, त्याचा मोठा भाग सांपडला. खरवडलेलें पान टाकूं नये याला याहून चांगला दाखला नाहीं.) बहुमत झाल्यावर उरलेल्या गटांस हांक मारण्याचें कारणच नसे. ज्यांचीं कर्जें बुडावयाचीं ते सावकार ह्या वरच्या गटांत. ज्यांस कर्जमाफी हवी ते बहुतेक खालीं. तेव्हां इ. स. पू. ६३ मध्यें धोरण हरलें नाहीं. धोरणानेंच निकाल दिला, पण तो धोरणास भिणाऱ्यांच्या हातून. चिलखतानें त्या भीतीस डोळ्यांना दिसणारें रूप दिलें, इतकेंच.

पाँपी शहराच्या भिंतींवरील पुरावा खालच्या पायरीचा, म्हणून अधिक घरगुती. इ. स. ७९ मध्यें हें शहर ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथें रंगानें लिहिलेल्या अडीच हजारांहून अधिक निवडणूक-सूचना मिळाल्या असून लॅटिन लेखसंग्रहाच्या चौथ्या खंडांत त्यांचें संपादन झालें आहे. साधारण वाक्य ठरलेलें : अमुक यास अमुक पदावर निवडा अशी विनंति. पुढें विशेषण, सज्जन, शीलवान् किंवा पदास योग्य. हीं विशेषणें इतक्यांदा येतात कीं रंगारी त्यांची आद्याक्षरेंच लिहितो. फळविक्ये, खेंचरवाले, परीट यांच्या धंद्यांच्या नांवानेंहि शिफारशी आहेत, आणि मताचा हक्क नसलेल्या स्त्रियांच्याहि आहेत. धोरण म्हणतां येईल असें फारच थोडें. एका पॉलिबियसविषयीं लिहिलें आहे कीं हा चांगली भाकरी आणतो. एका बाल्बसविषयीं, कीं हा खजिना राखील. वाटिया नांवाच्या उमेदवारास तर रात्रीं उशिरां पिणारे, झोंपाळू व भुरटे चोर यांचा पाठिंबा जाहीर केलेला आहे. हें काम प्रतिपक्षाचें असावें हें उघड दिसतें. येथेंहि रोख माणसावरच आहे. एक वर्षासाठीं रस्ते व बाजार पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या बाबतींत तें गैरहि नव्हे. खजिना राखण्यास धोरणापेक्षां हातांची स्वच्छता अधिक लागते.

हातांची स्वच्छता विशेषणावर न सोडतां कशी तपासावी, याचें एक उत्तर तामिळनाडूंतील उत्तरमेरूर येथील शिलालेखांत आहे. चोल राजा पहिला परांतक याच्या बाराव्या व चौदाव्या राज्यवर्षांतील, म्हणजे इ. स. ९१९ व ९२१ चे, हे दोन लेख वैकुंठपेरुमाळ मंदिराच्या भिंतीवर कोरलेले आहेत. तेथील ब्राह्मण-ग्रामसभेच्या समित्यांवर माणसें निवडतांना तीस वॉर्डांतून नांवांच्या चिठ्ठ्या घड्यांत टाकीत व लहान मुलाकडून काढवीत. त्यामुळें चेहरा, खुशामत, शुभ्र वस्त्रें यांस वावच राहत नसे. सारी परीक्षा चिठ्ठी घड्यांत पडण्यापूर्वींची. दुसऱ्या लेखाप्रमाणें करपात्र जमीन व स्वतःच्या जागेवर घर असावें, वय पस्तीस ते सत्तर असावें, वेदाध्ययन असावें, मागील तीन वर्षांत समितीवर काम केलेलें नसावें. आणि ज्यानें समितीवर राहून हिशेब सादर केला नाहीं त्याची चिठ्ठी घड्यांत पडत नसे; त्याच्या पुत्राची, पित्याची, मामाची, सासऱ्याची, मेहुण्याची, जांवयाची, मावसभावाची व आतेभावाचीहि पडत नसे.