वैताग ही शोधाची जननी!

नूडल्स गार करणारा पंखा, गोंदाच्या कांडीसारखं लोणी, खाता येणारा चमचा... खाण्यापिण्यातल्या अतरंगी आयडियांना तोटा नाही. काहींवर आपण हसून पुढे जातो, तर काही थेट घराच्या ओट्यावर जाऊन बसतात. असं का होतं?

कॉलेजच्या ई-सेलची आयडिया स्पर्धा जवळ आली की कँटीनच्या टेबलावर काय काय ऐकायला मिळतं! भाकरी थापणारा रोबो, चहा गार झाला की मेसेज पाठवणारा कप, वडापावचं एटीएम. चार जण हसतात, पाचवा लगेच पीपीटी करायला घेतो. लोगो ठरतो, नाव ठरतं, ‘मार्केट किती मोठं’ याची स्लाइडसुद्धा तयार होते. राहतो फक्त एक प्रश्न : हे वापरणार कोण, आणि त्या माणसाला आत्ता नेमका कशाचा वैताग आलाय?

‘गरज ही शोधाची जननी’ हे वाक्य आपण शाळेतल्या निबंधात घासून घासून वापरलंय. पण स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या गोष्टी वाचल्या, तर जननी वेगळीच निघते. गरज तर सगळ्यांनाच असते. शोध लागतो तो कुणीतरी पार वैतागल्यावर.

मुद्दाम निरुपयोगी

जपानमध्ये विचित्र वस्तू बनवण्याच्या कलेला खास नाव आहे, ‘चिंदोगु’. ‘चिन’ म्हणजे विचित्र आणि ‘दोगु’ म्हणजे अवजार. केंजी कावाकामी या मासिकाच्या संपादकाने अशा वस्तू बनवून छापायला सुरुवात केली. चॉपस्टिकला बसवलेला छोटा पंखा घ्या. गरमागरम नूडल्स तोंडापर्यंत येईस्तोवर गार! किंवा लोण्याची कांडी. गोंदासारखी खालून फिरवायची आणि ब्रेडवर घासायची. या खेळाचे नियमही कडक आहेत. वस्तू नुसती कागदावर चालत नाही, ती खरीखुरी बनवावीच लागते. पण ती विकायची नाही आणि तिचं पेटंटही घ्यायचं नाही.

१९९५ मध्ये या वस्तूंचं पुस्तक इंग्रजीत आलं. त्यात काठीच्या टोकाला कॅमेरा लावून स्वतःचा फोटो काढायची एक युक्ती होती. निरुपयोगी वस्तूंच्या यादीत, बरं का! पुढच्या वीस वर्षांत हीच सेल्फी स्टिक पर्यटनस्थळांवर फेरीवाल्यांच्या हातात दिसायला लागली. युक्ती तीच होती. बदललं इतकंच की प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन आला आणि ‘आता आपला फोटो काढायला कुणाला सांगायचं?’ हा वैताग रोजचा झाला. म्हणजे तुमची आयडिया आज हास्यास्पद वाटली तर लगेच फेकू नका. तिचा वैताग अजून जन्माला यायचा असेल!

मिक्सर बंद पडला म्हणून...

आता आपल्या मुंबईतली गोष्ट. साठच्या दशकात माधुरी माथुर यांच्या घरी ब्राउन कंपनीचा परदेशी मिक्सर होता. फळं, सूप यांच्यासाठी तो ठीक. पण आपल्याकडे वाटायचं काय, तर सुकं खोबरं, भिजवलेली उडदाची डाळ, खडा मसाला. मिक्सरने मान टाकली आणि तो इथे दुरुस्तही होईना. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनीअर होते. त्यांनी भारतीय वाटणाला पुरून उरेल अशी दणकट मोटर घेऊन नवा मिक्सर बनवायला घेतला. तोच पुढे घराघरात पोचलेला ‘सुमीत’. परदेशी मिक्सर वाईट नव्हता, तो फक्त दुसऱ्या देशाच्या जेवणासाठी बनवलेला होता.

गुजरातमधल्या वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती व्यवसायाने कुंभार. २००१ च्या भूकंपानंतर फुटलेल्या माठाचा एक फोटो वर्तमानपत्रात छापून आला. त्याला ओळ होती गरिबाचा फ्रिज फुटल्याची. ते वाचून त्यांनी विचार केला, की खरोखरच मातीचा फ्रिज का बनवू नये? त्यातून विजेशिवाय चालणारा ‘मिट्टीकूल’ तयार झाला. वर पाणी भरायचं. ते मातीच्या भिंतींमधून झिरपतं, त्याची वाफ होते आणि आतला भाग गार राहतो. तंत्र आपल्या माठाचंच, फक्त त्याला कप्पे आणि दार आलं.

घरातलं पुरणयंत्रच बघा. होळी आणि दोन-चार सण सोडले तर ते वर्षभर माळ्यावर असतं. तरी कुणी ते भंगारात देत नाही. का, ते कळायला एकदा पाट्यावर पुरण वाटून बघा!

हाताने जमतंय की!

याच्या अगदी उलटी गोष्ट अमेरिकेतली. २०१६ मध्ये तिथे ‘जुसेरो’ नावाचं रस काढायचं यंत्र आलं. किंमत ६९९ डॉलर, वर वाय-फाय. कंपनीकडूनच चिरलेल्या फळं-भाज्यांचं पाकीट विकत घ्यायचं आणि यंत्रात ठेवायचं. यंत्र ते दाबणार आणि रस ग्लासात. गुंतवणूकदारांनी या आयडियेत सुमारे १२ कोटी डॉलर ओतले. एप्रिल २०१७ मध्ये ‘ब्लूमबर्ग’च्या पत्रकारांनी एक साधी गोष्ट केली. पाकीट हातात घेऊन पिळलं. रस आला, आणि जवळपास यंत्राइतकाच! त्याच सप्टेंबरमध्ये कंपनीने गाशा गुंडाळला.

यंत्राचं इंजिनीअरिंग कच्चं होतं असं कुणी म्हणत नाही. पण जे काम दोन हातांनी सहज होतं, त्यासाठी ६९९ डॉलर कोण देणार? त्यापेक्षा आपलं रसवंतीगृह हुशार. तिथला चरक कुणाला फालतू वाटत नाही, कारण ऊस हाताने पिळता येत नाही.

मशीनची स्पर्धा मावशींशी

सिंगापूरमध्ये प्रणोती नागरकर यांनी पोळ्या करणारं ‘रोटिमॅटिक’ बनवायला घेतलं. कंपनी २००८ ची आणि यंत्र ग्राहकांच्या घरी पोचायला सुरुवात झाली ती २०१६ च्या सुमारास. आठ वर्षं! कारण कणीक मळणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही. प्रत्येक पीठ वेगळं पाणी पितं. आई ते बोटांनी ओळखते, यंत्राला ते शिकवावं लागतं. सुरुवातीची किंमत होती हजार डॉलरच्या घरात. अमेरिकेत किंवा सिंगापुरात नोकरी करणाऱ्या देशी जोडप्याला ती कदाचित परवडेल. पुण्या-मुंबईत मात्र या यंत्राची स्पर्धा दुसऱ्या यंत्राशी नाही, ती पोळ्यांच्या मावशींशी आणि कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्राशी आहे. वैताग एकच असला तरी गावागणिक त्याचं उत्तर बदलतं.

कधीकधी उत्तर यंत्र नसतंच. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ते ‘लिज्जत’. त्यांची खरी अतरंगी आयडिया पापडात नव्हती, पद्धतीत होती. केंद्रावरून पीठ घरी न्यायचं, सवडीने पापड लाटायचे आणि परत आणून द्यायचे. ज्या बाईला घर सोडून नोकरीला जाता येत नव्हतं, तिच्यापर्यंत कारखानाच चालत आला.

हैदराबादचे नारायण पीसापती यांचा वैताग तर जमिनीखालचा. ते भूजलावर काम करायचे. भातासाठी पाण्याचा उपसा वाढतोय आणि कमी पाण्यावर येणारी ज्वारी ताटातून गायब होतेय, हे त्यांना खुपत होतं. त्यातून आला ज्वारीच्या पिठाचा चमचा. जेवा आणि चमचाही खाऊन टाका! २०१६ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर २०,००० डॉलर मागितले आणि दोन लाखांहून जास्त जमले. टाळ्या मिळाल्या की ऑर्डरी येतात. मग मात्र एक चमचा भाजणं आणि हजारो चमचे न मोडता, वेळेवर पोचवणं यातला फरक कळतो.

मग तुम्ही काय कराल?

● वैतागाची वही ठेवा. आठ दिवस घर, हॉस्टेलची मेस, चहाची टपरी नीट बघा. जिथे लोक जुगाड करतात तिथे थांबा. पोळ्यांच्या डब्यात फडकं का घालतात? वाफ धरून खालची पोळी ओली होते म्हणून. जिथे जुगाड, तिथे वैताग नक्की.

● आधी पुठ्ठा, मग प्लास्टिक. पुठ्ठ्याचं मॉडेल करा आणि रोज ते काम करणाऱ्याच्या हातात द्या. समजावत बसू नका, फक्त बघा. थ्रीडी प्रिंट आकार तपासायला भारी, पण त्याच्या थरांच्या फटींत अन्न अडकून जंतू वाढू शकतात. त्यात खायला वाढू नका.

● धुवायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं वाचवणारी वस्तू घासायला दहा मिनिटं लागत असतील, तर ती माळ्यावर जाणार.

● पेटंटचा भ्रम नको. नुसत्या आयडियेला पेटंट मिळत नाही. भारतीय कायद्यात धंदा करण्याच्या पद्धतीलाही मिळत नाही. पण तुम्ही खरंच नवं उपकरण बनवलं असेल तर आधी प्रोव्हिजनल अर्ज करता येतो. मग पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. त्याआधीच उपकरणाची रील टाकलीत, तर त्यातलं ‘नावीन्य’ तुम्हीच संपवलंत असं ठरू शकतं.

शेवटचा मुद्दा जरा टोचेल. स्वयंपाकघरातले सगळ्यात मोठे वैताग ज्यांना माहीत आहेत, ती माणसं बहुतेक वेळा ई-सेलच्या मीटिंगला नसतात. ती ओट्यापाशी असतात, मेसच्या भांड्यांपाशी असतात, वड्याच्या कढईपुढे उभी असतात. आणि ज्याने कधी कणीक मळली नाही, तो पोळीच्या यंत्राची स्लाइड करत असतो. तेव्हा स्पर्धेचा फॉर्म भरण्याआधी आठवडाभर घरातलं एखादं काम रोज स्वतः करा. आयडिया सुचली तर उत्तमच. नाही सुचली, तरी घरातल्या कुणाचा तरी आठवडाभराचा वैताग कमी झालेला असेल.