कॅरमचे मेज आणि वऱ्हाडची बाभूळ

दिवाळीची सुटी लागून आते-मामेभावंडे गोळा झाली, की माळ्यावरचा कॅरम खाली उतरतो, स्टुलावर नाही तर सतरंजीवर कसाबसा टेकवला जातो, आणि तो एका अंगाला कलतो हे पहिल्याच डावात हरणाऱ्याच्या ध्यानात येते. ही दरसालची विटंबना टाळण्यासाठी चार पायांवर कायम उभे राहणारे मेज घरीच बांधावे असा माझा जुना आग्रह आहे, आणि अमरावती-अकोल्याकडच्या ज्या गृहस्थांना रंध्या-पटाशीची हौस आहे त्यांनी तरी तो मनावर घ्यावा.

कॅरमचा इतिहास थोडक्यात उरकतो. अखिल भारतीय कॅरम महासंघ १९५६ साली स्थापन झाला, आंतरराष्ट्रीय महासंघ १९८८ साली, आणि कॅरमपटू मारिया इरुदयम यांना १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. नियमांची कलमे मात्र सुताराने पाठ करावीत अशी आहेत: खेळण्याचा पृष्ठभाग ७४ सेंटिमीटर चौरस, प्लाय किमान ८ मिलिमीटर जाड, कोपऱ्यातील भोक ४.४५ सेंटिमीटर व्यासाचे, मेजाची उंची ६३ ते ७० सेंटिमीटर.

पायांसाठी सागवान घ्यावे, आणि सागवान म्हटले की वऱ्हाडी माणसाची पावले आपसूक परतवाड्याकडे वळतात. मेळघाटातला माल तिथल्या सरकारी आगारात लिलावाला येतो. मूर्तिजापूरहून परतवाड्याला लागून असलेल्या अचलपुरापर्यंत अडीच फुटी रुळांवरून रमतगमत जाणारी ‘शकुंतला’ चालू होती तेव्हा मी ती वाट मुद्दाम धरीत असे. त्या गाडीच्या गतीने जाणाऱ्यास रुळांकाठचे प्रत्येक झाड ओळखण्याइतकी फुरसत मिळे, आणि त्यांतली बाभूळ मला दर खेपेस अधिक आवडू लागली.

कारण या मेजाचा प्राण पायांत नसून पृष्ठभागाभोवतीच्या चौकटीत आहे, आणि चौकटीसाठी बाभळीसारखे लाकूड नाही. दुकानदार शिसवीची शिफारस करतात, ती खोटी नव्हे. पण बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे ज्या लाकडाने पिढ्यानपिढ्या दगडमातीवर पेलले, ते १५ ग्रॅमच्या स्ट्राईकरपुढे नमणार नाही. कोरडे सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोंच्या आसपास भरते, तर बाभूळ आठशेच्या पुढे. चौकट जितकी जड आणि घट्ट, तितका स्ट्राईकरचा वेग आपटताना कमी गिळला जातो. पूर्ण ताकदीने मारलेला स्ट्राईकर किमान साडेतीन वेळा आरपार फिरला पाहिजे ही कसोटी हलक्या चौकटीला सहसा झेपत नाही. गाड्या बांधणारे जुने सुतार बाभळीचे ओंडके आधी पाण्यात मुरवीत, म्हणजे घुण लागण्याचे भय कमी होई. बाहेरचे पांढरे लाकूड निर्दयपणे तासून टाकावे आणि तांबूस गाभा तेवढा ठेवावा. रंधा मारताना हा गाभा हाताला घाम फोडतो, गुंतलेल्या नसांपाशी पाते अडते, चिलपे उडते. म्हणून पात्याला वारंवार धार लावून अगदी बारीक साल काढीत जावे.

आता आमच्या हवेविषयी. अकोल्याचा वैशाख पारा ४५ अंशांपलीकडे नेतो आणि श्रावणात भिंतींनासुद्धा ओल येते. लाकूड लांबीत फारसे हलत नाही, रुंदीत हलते. त्यामुळे ४५ अंशांच्या कोनात कापून जोडलेला चौकटीचा कोपरा उन्हाळ्यात फट दाखवतो आणि नेमका तिथेच भोकाची कड असल्याने सोंगटी अडखळते. उपाय असा, की कापलेल्या पट्ट्या एक पावसाळा व एक उन्हाळा घरातच आडव्या रचून, मधे चिपा घालून ठेवाव्यात, मगच गुण्या लावून कोन कापावा, आणि कोपऱ्यात नुसत्या सरसावर विसंबून न राहता खाचेत बसणारी आडवी पट्टी घालावी. प्लायखाली उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी हवीच, नाही तर मधोमध झोळ पडून सोंगट्या आपल्याच मर्जीने राणीकडे सरकतात.

ज्यांना इतकी मुदत पाळणे जमणार नाही त्यांनी बाजारचा तयार कॅरम आणून त्याखाली सागवानी पाय बांधावेत. तोही पत्करण्याजोगा मार्ग आहे. परंतु पुढच्या दिवाळीला स्वतःचे मेज हवे असणाऱ्याने बाभळीच्या पट्ट्या उन्हाळ्याआधीच कापून ठेवाव्यात. उन्हाळा लागल्यावर कापल्या तर मेज त्या दिवाळीला उभे राहणार नाही.