बंद घरांची यादी

पहाटे ५.१५

केज तालुका, बीड जिल्हा. नोव्हेंबर सरत आलाय. चुलीवर पाणी चढवून ताई आधी टॅबची बॅटरी बघतात. चौऱ्याऐंशी टक्के. रात्री लाइट गेली होती. पॉवर बँक त्यांची स्वतःची, नऊशे रुपयांची. संस्थेनं टॅब दिला, एवढंच. पाच भाकरी थापतात. दोन फडक्यात बांधतात, तीन सासूसाठी आणि पोरासाठी झाकून ठेवतात. पिशवीत संमतीपत्रं, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, पाण्याची बाटली.

सकाळी ६.५०

एसटीला मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. सोळा रुपये. खिडकीशी बसून ताई मला कामाचं सांगतात. एका मदत संस्थेनं मराठवाड्यासाठी लिंगभाव न्यायाची पाच वर्षांची रणनीती आखली होती. ती संपत आली. आता तिचं मूल्यमापन. सल्लागार पुण्याचे. प्रश्न इंग्रजीत लिहिले गेले, मग मराठीत आले. गावोगाव फिरून ते विचारायचे, हे ताईंचं काम. पूर्ण फॉर्ममागे एकशे तीस रुपये, रोजचा प्रवासभत्ता शंभर. अर्ध्या फॉर्मचे पैसे नाहीत.

सकाळी ८.००

आजच्या यादीत अकरा नावं. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्यालाही. तिसऱ्या दारापुढं शेळी बांधलीय, पण ती शेजारणीची.

‘‘गेल्या की त्या कारखान्याला,’’ शेजारीण म्हणते. ‘‘दसरा झाला अन् गेल्या. येतील आता उन्हाळ्यात.’’

ऊसतोडीला काहीजणी सांगली-कोल्हापूरकडं, काहीजणी कर्नाटकात. उचल पावसाळ्यातच घेतलेली, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता. टॅबवर ताई ‘घर बंद’ हा पर्याय दाबतात. अकरातली पाच घरं अशीच. या मुलुखात नोव्हेंबरात बाईला घरी गाठायचं वेळापत्रक कुणी काढलं असेल, हा प्रश्न माझ्या तोंडाशी येतो. ताई पुढच्या गल्लीत वळलेल्या असतात.

सकाळी ९.१०

उघडं घर. बाई उंबऱ्यात, नवरा बाजेवर. ताई संमतीपत्र वाचून दाखवतात. मध्येच थांबता येईल, एखादं उत्तर नाही दिलं तरी चालेल. नवरा म्हणतो, ‘‘इचारा की, मीच सांगतो.’’

यावर ताईंचा तोडगा ठरलेला आहे. ‘‘दादा, तेवढा सातबारा बघावा लागतो. अन् रेशन कार्ड.’’ कागद नेहमी पेटीच्या तळाशी असतात, आणि पेटी माळ्यावर. वीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात तीस प्रश्न होतात.

‘‘म्हैस विकायची तर कोण ठरवतं? तुम्ही, मालक, का दोघं मिळून?’’

‘‘दोघं मिळून.’’

‘‘म्हणजे कसं?’’

‘‘ते म्हणत्यात इकायची. मी म्हणते बरं.’’

टॅबवर ‘दोघं मिळून’ची नोंद होते. ताई खाली शेऱ्यात तिचं वाक्य जसंच्या तसं टाइप करतात. एका बोटानं, सावकाश.

सकाळी ११.३०

यादीतली पुढची बाई रानात, कापूस वेचतेय. मजुरी किलोमागे दहा रुपये. तिला बसायला सवड नाही, म्हणून आपणच ओळीतून मागं मागं जायचं. टॅब डाव्या हातात. उजव्या हातानं ताईही बोंडं वेचतात आणि तिच्या ओटीत टाकतात. दिवस डोक्यावर आलाय. वाळलेल्या बोंडाचं टोक नखाशी लागतं. तिची बोटं चिरलेली आहेत, एकावर चिंधी. पाऊण तासाच्या मुलाखतीत तिचा तीनचार किलो कापूस कमी भरणार, म्हणजे तीसचाळीस रुपये. त्या पैशांचा रकाना कुठल्याच फॉर्मात नाही. ताईंच्या एका हातानं भरून निघेल तेवढंच.

‘‘जमीन तुमच्या नावावर हाय का?’’

‘‘हाय की.’’

मोबाइलमध्ये सातबाऱ्याचा फोटो आहे. ताई तो बोटांनी मोठा करतात. भोगवटादार म्हणून दिराचं नाव. हिचं नाव खाली, ‘इतर हक्क’ या सदरात. नवरा वारल्यावर तसाच फेरफार झाला. पीककर्ज दिराच्या नावावर, विमाही. फॉर्मात पर्याय दोनच: हो, नाही. बायकोचं नाव नवऱ्याच्या बरोबरीनं सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मी मुक्ती योजना सरकारनं १९९२ साली आणली. नवरा हयात असताना त्यानं अर्ज केला असता, तर ती वरच्या सदरात असती. ताई ‘नाही’ दाबतात. मग परत जाऊन ‘हो’ करतात. मग पुन्हा ‘नाही’. शेऱ्यात चार ओळी.

बाई विचारते, ‘‘चुकलं का काही?’’

‘‘नाही मावशी, तुमचं काही चुकलं नाही.’’

दुपारी १.३०

लिंबाखाली भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा.

दुपारी २.२०

सत्तरीच्या आजी. जमिनीचं विचारताच हसतात. भावांनी बोलावलं, जेवू घातलं, साडी-चोळी केली, मोटारीनं तालुक्याला नेलं. हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला, देशभर २००५ साली. आजींना तो कायदा ठाऊक होता. बचत गटात ऐकला होता.

‘‘मग सही का केली?’’

‘‘वाटा घेतला तर दिवाळीला कोण नेईल? माहेर राहतं का मग?’’

रणनीतीत ‘कायद्याची माहिती असलेल्या स्त्रियांचं प्रमाण’ मोजायचं आहे. आजी त्यात ‘हो’. सल्लागारांना हा आकडा आवडेल, असं मला वाटतं.

दुपारी ३.४५

घरातल्या मारहाणीचे प्रश्न. नियम कडक आहे. बाई एकटी असेल तरच विचारायचं. कुणी आलं तर विषय बदलायचा. ताईंचा बदली प्रश्न रेशनचा.

तरुण बाई, पंचवीसची असेल. पाच प्रश्न होतात. सहाव्याला ती ओढणी नीट करते आणि बोलायला लागते. दाराशी चप्पल वाजते.

‘‘अन् या महिन्याला तांदूळ किती आला?’’ ताई त्याच आवाजात विचारतात.

सासू आत येते ती बसूनच राहते. तांदळावर, गव्हावर, केवायसीवर दहा मिनिटं बोलणं होतं. निघताना ताई पाणी मागतात. भांडं परत देताना अंगठ्याएवढी चिठ्ठी पोरीच्या मुठीत जाते. त्यावर फक्त १८१, महिला हेल्पलाइन. फॉर्म अपूर्ण. एकशे तीस रुपये गेले. ताई ते बोलत नाहीत, हिशेब मीच करतो.

सायंकाळी ५.४०

एसटी चुकली. काळीपिवळीला अर्धं तिकीट नसतं. चाळीस रुपये. पुढच्या सीटवर चौघं, ड्रायव्हर धरून.

रात्री ८.४५

पोराचा अभ्यास एकीकडं, टॅब दुसरीकडं. गावात रेंज नव्हती, फॉर्म आता एकेक करून चढतात. चार पूर्ण, एक अपूर्ण. सहावी बाई आठवडी बाजाराला गेली होती, उद्या भेटेल. वहीत हिशेब: पाचशे वीस आणि भत्त्याचे शंभर. जाण्यायेण्याचे छप्पन, संमतीपत्रांच्या झेरॉक्सचे बारा वजा. उरले पाचशे बावन्न. पैसे महिनाअखेर, बँकेत.

सुपरवायझर सरांचा फोन येतो. शेरे फार लांब येतायत. सॉफ्टवेअर ते मोजत नाही.

‘‘बरं सर. ते बंद घरांचं काय करायचं?’’

‘‘नियमाप्रमाणे बदली घर घ्या.’’

‘‘सर, कारखान्याला गेलेल्या बाया मग अहवालात येणारच नाहीत. ज्या घरी आहेत त्यांचीच उत्तरं येतील. मी फडावर जाते ना. मुकादम ओळखीचा आहे.’’

‘‘तेवढं बजेट नाही, ताई. शुक्रवारी डेटा बंद होतोय. बंद घराच्या उजवीकडचं घर घ्या.’’

‘‘त्यालाही कुलूप आहे.’’

‘‘मग त्याच्या उजवीकडचं.’’

‘‘त्यालाही आहे, सर. कुठवर जाऊ?’’

‘‘उघडं सापडेपर्यंत.’’