अरुंद नालीचं जंक्शन

कुर्डुवाडीच्या माणसाला गेज म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे इथून बार्शीकडे धावू लागली, ती अडीच फुटी रुळांवर. शेजारी ब्रॉडगेज, साडेपाच फुटी. एकीच्या वाघिणीतला माल उतरवून दुसरीत चढवायचा. रूळ अरुंद केले की खर्च वाचतो, पण सगळी खटपट सांध्यावर येऊन पडते.

काचेच्या चिपवर प्रयोगशाळा मांडणाऱ्यांचंही तसंच झालं. १९९० मध्ये बाझलच्या सिबा-गायगी कंपनीत आंद्रेआस मान्झ आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. काचेवर केसाएवढी बारीक नाली कोरलेली, साधारण ५० मायक्रोमीटर रुंद. तिला एक आडवी नाली छेदते. या फुलीवरचा नमुन्याचा कण, लिटरच्या अब्जांशाहूनही लहान, मुख्य नालीत ढकलायचा आणि टोकांना हजार-दोन हजार व्होल्ट लावायचे. भार आणि आकार यांप्रमाणे रेणू कमी-अधिक वेगाने पळतात. मिनिटा-दोन मिनिटांत त्यांचे घोळके वेगळे होतात.

आता शेवटच्या स्टेशनावर कोण उतरलं, ते मोजायचं कसं? उथळ नालीत प्रकाशाची वाटच इतकी तोकडी, की त्याचं शोषण जेमतेम जाणवतं. लेसर चालतो, पण बहुतेक रेणूंना आधी चमकणारा रंग जोडावा लागतो. इलेक्ट्रोडला या वाटेच्या लांबीशी देणंघेणं नाही. डोपामाइनचा रेणू त्याला शिवला, इलेक्ट्रॉन देऊन गेला, की नोंद झाली. शिवाय नाली ज्या तंत्राने कोरतात, त्यानेच इलेक्ट्रोडही काचेवर उमटवता येतो.

अडचण शेजाऱ्याची. रेणू पळवणारा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये, मोजायचा तो नॅनोअँपिअरमध्ये किंवा त्याहून कमी. म्हणजे वरातीच्या बँडशेजारी कुजबुज ऐकायची. १९९८ मध्ये बर्कलीत अ‍ॅडम वूली, रिचर्ड मॅथीज आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोड नालीच्या तोंडापलीकडे, वाट जिथे रुंदावते तिथे बसवला. तिथे उच्च विद्युतदाबाचा जोर ओसरलेला असतो. पण फार लांब नेला, तर वेगळे झालेले घोळके पुन्हा पसरून एकमेकांत मिसळतात. इथे काही दशांश मिलिमीटरसुद्धा फार होतो.

प्रत्येक रेणू इलेक्ट्रॉन देत-घेत नाही, हीही मर्यादा आहे. अशांसाठी द्रवाची विद्युतवाहकता मोजतात.

घरच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीतही इलेक्ट्रोडच असतो. तिथे एन्झाइम रक्तातली साखर तेवढी ओळखतं, म्हणून वेगळं करण्याची गरज पडत नाही. एकाच थेंबातले चार-पाच पदार्थ मोजायचे असले, की मात्र आधी त्यांना रांगेत लावावं लागतं. काचेवरचं हे जंक्शन त्यासाठीच.