सीईएचा आकडा आणि फुप्फुसाचा कॅन्सर

हेल्थ चेकअपच्या रिपोर्टमध्ये सीईए वाढलेला दिसला की घरात रडारड होते आणि नॉर्मल आला की जुना खोकला विसरला जातो. दोन्ही चुकीचं. सीईए हे प्रथिन १९६५ साली आतड्याच्या कॅन्सरच्या अभ्यासात सापडलं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये, यकृताच्या आजारात, आतड्याला सूज असतानाही ते वाढतं. उलट फुप्फुसातली गाठ लहान असताना बरेचदा वाढतच नाही. एनएसई या दुसऱ्या रक्ततपासणीचं तर असं, की नमुना काढताना तांबड्या पेशी फुटल्या, तरी पेशींतलंच एनएसई बाहेर येऊन आकडा फुगतो.

“पण तपासून घ्यायला हरकत काय?” हा प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबच मांडू. दहा हजार जणांपैकी दहा जणांना कॅन्सर आहे आणि टेस्ट रोगी व निरोगी दोघांनाही ९० टक्के वेळा बरोबर ओळखते, असं धरा. दहापैकी नऊ जण सापडतील; पण ९९९ निरोगी माणसांनाही ‘पॉझिटिव्ह’चा कागद मिळेल. सीईए तर इतकी अचूकही नाही. लवकर निदान व्हावं हा आग्रह मात्र योग्यच आहे, आणि त्याला आधार आहे तो कमी मात्रेच्या सीटी स्कॅनचा. अमेरिकेत सध्या किंवा पूर्वी अट्टल धूम्रपान करणाऱ्या ५३ हजारांहून अधिक जणांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २०११) छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत सीटीमुळे या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले.

मग बायोमार्कर, म्हणजे आजाराच्या अशा खुणा, निरुपयोगी का? मुळीच नाही, त्यांचं खरं काम बायोप्सीत कॅन्सर ठरल्यावर सुरू होतं. भारतात फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकाराच्या साधारण पाव रुग्णांत ईजीएफआर जनुकात बदल आढळतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आयपास चाचणीत हा बदल असलेल्यांचा आजार जेफिटिनिबच्या गोळीने केमोपेक्षा जास्त काळ आटोक्यात राहिला, आणि बदल नसलेल्यांना तीच गोळी केमोपेक्षा कमी लाभली. नुसतं वय, वंश किंवा ‘कधी सिगारेट ओढली नाही’ एवढ्यावर गोळी सुरू करणं म्हणूनच धोक्याचं. “आता लिक्विड बायोप्सी आहे, सुई कशाला?” असंही विचारतात. रक्तातल्या डीएनएवरून ईजीएफआरचा बदल सापडतो हे खरं, पण गाठीने रक्तात पुरेसा डीएनए सोडला नसेल तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि गाठीचा तुकडा तपासावाच लागतो. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती अनेकांना बायोप्सीपासून लांब ठेवते. तसं घडणं अतिशय दुर्मीळ आहे, आणि त्या भीतीपायी वाया जाणारे महिने रुग्णाला फार महागात पडतात. बायोप्सीआधीच डॉक्टरांना विचारावं, की ईजीएफआर, एएलके आणि पीडी-एल१ या औषध निवडायला लागणाऱ्या तपासण्यांना पुरेल इतका तुकडा मिळेल ना. आणि दुसऱ्या रुग्णालयात जाताना फक्त फाइल नेऊन भागत नाही, पॅथॉलॉजीतून स्लाइड आणि ब्लॉकही (तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ठोकळा) मागून घ्यावेत. पुढच्या तपासण्या त्या ब्लॉकवरच होतात.