बाळ रडतंय? आधी उचलून घ्या!

रात्रीचे दोन वाजले आहेत. चेन्नईच्या वेळचेरी भागातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा दिवा अजून जळतो आहे. पंखा पूर्ण वेगानं फिरतोय, तरी घामाच्या धारा थांबत नाहीत. पाच आठवड्यांचं बाळ गेला तासभर मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन रडतंय. दूध पाजून झालं, लंगोट बदलून झाला, ढेकर काढून झाली. पुण्याहून आजी फोनवर विचारतायत, "ओव्याची पुरचुंडी शेकलीस का? गुटीचे वेढे दिलेस का?" बाबा चपला घालून ग्राइप वॉटर आणायला निघालेत. एवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आजी दार वाजवतात. या आजी तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. व्यंकोजीराजांनी 1676च्या सुमारास तंजावरला मराठ्यांची गादी स्थापली, तेव्हापासून तिकडे स्थिरावलेल्या आणि पुढे मद्रासला आलेल्या अनेक कुटुंबांत घरची बोली आजही मराठीच आहे, फक्त तिला तमिळ वळण आलं आहे. त्या म्हणतात, "वसंबु उगाळून चाटवलंत की नाही?"

नोकरीनिमित्त चेन्नईला आलेल्या मराठी जोडप्यांना असला प्रसंग नवा नाही. एका रडण्यावर तीन उपाय, तेही तीन पिढ्यांचे. आणि ज्या आईनं हे सारं करायचं, ती गेले कित्येक दिवस सलग तीन तास झोपलेली नाही. तिच्या मनात एकच विचार घोळतो आहे, "माझंच काहीतरी चुकतंय."

तिचं काहीही चुकत नसतं. पण हे तिला सांगायला सहसा कोणी नसतं.

रडण्याचं स्वतःचं घड्याळ

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1962 साली 80 तान्ह्या बाळांच्या रडण्याची नोंद प्रसिद्ध केली. आयांनी घरीच रोज वही ठेवली होती. त्यातून दिसलं ते असं : निरोगी, पोटभर दूध पिणारी बाळंही दुसऱ्या आठवड्यात दिवसाकाठी पावणेदोन तासांच्या आसपास रडत होती. पुढे हे रडणं वाढत गेलं आणि सहाव्या आठवड्यात पावणेतीन तासांवर पोचलं. मग ते आपोआप उतरत गेलं. सर्वांत जास्त रडणं संध्याकाळी, दिवेलागणीनंतर. आपल्याकडच्या बायका "तिन्हीसांजेला पोर किरकिरतं" म्हणत आल्या, ते काही खोटं नव्हे. दृष्टीचा संशय तेवढा वगळायचा.

काही बाळं याहूनही जास्त रडतात. दिवसातून तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि असं तीन आठवड्यांहून जास्त काळ चाललं तर डॉक्टर त्याला कॉलिक म्हणतात. याचं नेमकं कारण अजूनही पक्कं सापडलेलं नाही. तरी तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळं शांत होतात. औषध दिलं तरी आणि न दिलं तरी.

यातली गंमत अशी की, तिसऱ्या महिन्यात ज्याच्या हाती जो उपाय असतो, त्याला यश मिळतं. कुणी म्हणतं गुटीनं गुण आला, कुणी म्हणतं दृष्ट काढली म्हणून. बाटलीतल्या औषधांची ख्यातीही बरीचशी अशीच वाढली.

नॉटिंगहॅमची बाटली, मद्रासचा बाजार

ग्राइप वॉटरचीच गोष्ट घ्या. इंग्लंडच्या नॉटिंगहॅम गावात विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं 1851 साली ते तयार केलं आणि 1876 मध्ये ते नाव नोंदवून घेतलं. त्यात शेपूच्या बियांचं तेल होतं, म्हणजे आपल्या बाळंतशेपाचाच भाऊबंद. खायचा सोडा होता, भरपूर साखर होती आणि 3.6 टक्के मद्यार्कही होता. बाळ गाढ झोपलं तर नवल ते काय! ब्रिटनमध्ये 1992च्या सुमारास त्यातून मद्यार्क काढून टाकला गेला.

भारतात हे नाव घरोघरी पोचवलं ते मद्रासच्या टीटीके समूहानं. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले टी. टी. कृष्णम्माचारी यांनी 1928 साली सुरू केलेला हा व्यवसाय. आईलाही लहानपणी हेच दिलं होतं, आजीलाही हेच, अशा धर्तीच्या त्या जाहिराती आठवत नाहीत असं घर विरळा. आज आपल्याकडे मिळणाऱ्या ग्राइप वॉटरमध्ये मद्यार्क नसतो. पण त्यानं कॉलिक बरा होतो असा भक्कम पुरावाही नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं स्पष्ट आहे : पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. त्यात पाणी नाही, मध नाही, गुटी नाही, ग्राइप वॉटरही नाही. चेन्नईच्या मे महिन्यात, अग्निनक्षत्राच्या उन्हातसुद्धा पाणी नाही. बाळाची तहान दुधानंच भागते, म्हणून उन्हाळ्यात अंगावर जास्त वेळा पाजायचं.

आता खालच्या आजींचा वसंबु. वसंबु म्हणजे आपलं वेखंड. तमिळमध्ये त्याला ‘पिळ्ळै वळर्प्पान’ असंही म्हणतात, म्हणजे ‘मूल वाढवणारा’. एका मुळीला एवढं लाडाचं नाव! जायफळ, मायफळ, हिरडा, सुंठ यांच्याबरोबर सहाणेवर उगाळून ते देतात; त्याला ‘उरै मरुंदु’ म्हणतात. आपली बाळगुटीच ही, नाव तेवढं वेगळं. पण वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं आणि अमेरिकेत 1968 पासून खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी आहे. जायफळानं गुंगी येते. सहाणेवरच्या एका वेढ्यात नक्की किती उतरलं हे कोणालाच मोजता येत नाही, आणि बाळाचं वजन असतं जेमतेम चार किलो. गुंगीनं गप्प झालेलं बाळ आणि सुखानं निजलेलं बाळ दिसायला सारखंच असतं, यातच खरा धोका आहे. आजींचा मान राखायचा, मुळी मात्र डब्यातच ठेवायची.

सांब्राणीचा धूर आणि आपली ओवा-वावडिंगाची धुरी यांचंही तेच. न्हाऊन आलेल्या बाळाला धुरात धरल्यानं त्याची नाजूक श्वासनलिका चुरचुरते आणि रडणं वाढतं. पुण्याच्या थंडीतली लोकरी टोपडी आणि दुहेरी दुपटी चेन्नईत आणणंही तितकंच चुकीचं. मानेवर हात लावून पाहावा. घाम असेल तर बाळ उकाड्यानं रडतंय. त्याला एक सुती झबलं पुरे.

आजींचं बरोबर होतं ते इथे

औषधात आजी चुकल्या असतील, पण कापडात आणि कुशीत त्या मुळीच चुकल्या नाहीत. तमिळ घरांत छताच्या कडीला जुनी मऊ सुती साडी बांधून ‘तूळि’ करतात. आपली झोळीच ती. दोन्ही बाजूंनी हवा खेळते, कापड अंगाला लपेटून बसतं आणि हलक्या झोक्यानं पोटातल्या दिवसांची आठवण होत असावी. सोबतीला तालाट्टु, म्हणजे अंगाई. ‘ताल’ म्हणजे जीभ आणि ‘आट्टु’ म्हणजे हलवणं, जीभ हलवून काढलेला तो लाडिक नाद. आळ्वार संतांपैकी पेरियाळ्वार यांनी तर स्वतःला यशोदा कल्पून कृष्णाला पाळण्यात निजवणारी पदं रचली, ती आजही घरोघर गायली जातात. मराठी बारशाचे पाळणे ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे परकं वाटणार नाही.

विज्ञानही आता त्याच वाटेनं आलं आहे. कॅनडात मॉन्ट्रियल इथे हन्झिकर आणि बार या संशोधकांनी 1986 साली 99 आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या बाळांना नेहमीपेक्षा जास्त वेळ, रडत नसतानाही अंगाशी घेतलं गेलं, ती सहाव्या आठवड्यात 43 टक्के कमी रडत होती. संध्याकाळच्या रडण्यात तर निम्म्यानं फरक पडला. "सारखं उचललंत तर हाताची सवय लागेल," हा शेजारचा इशारा या वयाच्या बाळाला लागू पडत नाही.

जपानच्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा यांच्या गटानं 2022 साली 21 बाळांवर केलेला प्रयोग तर रात्री दोन वाजता सरळ वापरता येण्याजोगा आहे. रडणाऱ्या बाळाला छातीशी धरून पाच मिनिटं एकसारख्या चालीनं, न थांबता चालायचं. बाळं शांत होतात आणि त्यातली जवळजवळ निम्मी झोपतात. पण लगेच खाली ठेवू नये. पाठ बिछान्याला टेकण्याआधीच, आईच्या अंगापासून सुटू लागताच बाळाच्या काळजाचे ठोके बदलतात आणि ते दचकून उठतं. म्हणून झोप लागल्यावरही पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसायचं, मग अलगद ठेवायचं. उताणं ठेवायचं, सपाट आणि टणक गादीवर, उशी न देता.

झोळीबद्दल दोन गोष्टी विसरू नयेत. कडी आणि दोर रोज तपासावा. आणि नजर नसताना बाळाला तिच्यात ठेवू नये, रात्रभर तर नाहीच. मान छातीवर झुकली की श्वास अडकतो. थोरलं भावंड तिचा झोपाळा करून खेळलं तर कापडाचा पीळ गळ्याला बसतो. तमिळनाडूत अशा दुर्घटना घडल्या आहेत. झोळी रिकामी झाली की कापड वर गुंडाळून ठेवावं.

माहेरच्या तीन महिन्यांचं गणित

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत महाराष्ट्रात आहे तशी तमिळनाडूतही आहे. लेक तिसऱ्या किंवा पाचव्या महिन्यात सासरी परतते. रडण्याचं घड्याळ याच्या शेजारी ठेवून पाहा. सहाव्या आठवड्याचा तो कठीण काळ आई, मावशी, काकू, आजी यांच्या हातांत पार पडतो. बाळ एका कुशीतून दुसऱ्या कुशीत जातं आणि बाळंतीण झोपते. ही रीत घालणाऱ्यांनी वह्या ठेवल्या नव्हत्या, पण हिशेब चोख होता.

चेन्नईच्या महाबलीपुरम रस्त्यावर कंपन्यांच्या इमारतींभोवती जी घरं उभी राहिली, तिथे हेच हात नाहीत. प्रसूतीची रजा 2017च्या दुरुस्तीनं 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांची झाली, ही मोठीच सोय. पण रजेच्या दिवसांत घरात एकटी आई आणि रडणारं बाळ, अशी बारा-बारा तासांची जोडी असेल तर ती कुणालाही पेलणारी नाही. इथे बाळाच्या वडिलांनी "मला जमत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. पाच मिनिटं चालायला दूध लागत नाही.

राग येतो, हे लपवू नये. चांगल्या आईलाही येतो. मात्र त्या भरात बाळाला गदागदा हलवणं जिवावर बेतू शकतं. त्याच्या मानेत बळ नसतं आणि मेंदूतल्या नाजूक वाहिन्या फुटतात. हात थरथरू लागले तर बाळाला उताणं, सुरक्षित जागी ठेवावं, दार लोटून बाहेर यावं, गार पाण्यानं तोंड धुवावं. पाच मिनिटं रडल्यानं बाळाचं काही बिघडत नाही. आईला दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तिचंही औषधपाणी करावं लागतं. तो आळस नव्हे, नखराही नव्हे.

आणि काही रडणं मात्र वाट पाहण्याजोगं नसतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 अंश किंवा अधिक ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, दूध ओढायचं बंद, जांघेत टणक फुगवटा, लघवी कमी होणं, किंवा कधी ऐकला नाही असा किंचाळता सूर, यांतलं काहीही दिसलं तर रात्र असो की दिवस, तडक इस्पितळ गाठावं. चेन्नईत एग्मोरचं सरकारी बालरुग्णालय आहे, तिथे आख्ख्या तमिळनाडूतून बाळं येतात.

वेळचेरीच्या त्या घरात बाबा मोकळ्या हातानं परतले, दुकान बंद होतं. आजींनी वसंबुचा विषय सोडून दिला आणि बाळाला खांद्यावर घेतलं. हॉलमधून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून हॉल अशी त्यांची चाल सुरू झाली. तोंडानं अर्धं मराठी, अर्धं तमिळ काहीतरी चाललं होतं. सूनबाई म्हणावी अशा त्या मुलीला त्यांनी हातानंच खूण केली, जा, नीज. उद्या संध्याकाळी सहाला त्या पुन्हा येणार आहेत, बाळ रडो की न रडो.